रक्तगट आणि रक्ताचे साकळणे

रक्तगट ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही ओळखीची झाली आहे. मुलांच्या शाळेच्या ओळखपत्रावर, गाडी चालविण्याच्या परवान्यावर, गरोदर बाईच्या दवाखान्याच्या कार्डावर तो लिहिलेला असतो. रक्त देण्याची किंवा घेण्याची पाळी आली तरच त्याचा उपयोग, अशी आपली समजूत असते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. जखम झाल्यावर रक्त किती चटकन साकळते, आणि नको त्या ठिकाणी, नको त्या वेळी ते साकळून गुठळी होण्याचा धोका किती, ह्या दोन्ही गोष्टींवर रक्तगटाचा थोडाफार परिणाम होतो. हा परिणाम केवढा, तो कशामुळे होतो, आणि त्यातून शेतकरी कुटुंबाने काय बोध घ्यावा, हे ह्या लेखात पाहू.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. रक्तगट हा शरीराचा एक कल आहे. तो कोणाच्या आरोग्याचा निकाल नव्हे. तेव्हा हे वाचून कोणी घाबरू नये, आणि कोणी निर्धास्तही होऊ नये.

रक्तगट म्हणजे काय?

व्हिएन्ना शहरात काम करणारे डॉ. कार्ल लँडस्टायनर ह्यांनी १९०० आणि १९०१ ह्या दोन वर्षांत माणसांच्या रक्ताचे वेगवेगळे गट असतात हे दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकाचे रक्त दुसऱ्याला दिले असता कधी रुग्ण बरा होई, तर कधी तत्काळ दगावे. त्याचे कारण ह्या शोधामुळे उमगले.

आपल्या तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या जातीच्या अतिसूक्ष्म कणांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एक खुंटी आहे असे समजा. ह्या खुंटीला शास्त्रात 'एच' म्हणतात. त्या खुंटीवर एका जातीचा साखरकण अडकविलेला असेल तर रक्तगट 'ए'. दुसऱ्या जातीचा असेल तर 'बी'. दोन्ही जातींचे असतील तर 'एबी'. आणि खुंटी मोकळीच असेल तर 'ओ'. कोणता कण अडकवायचा, हे आईबापांकडून आलेल्या वारशावर ठरते. आपल्या देशात 'ओ' आणि 'बी' हे गट सर्वांत जास्त आढळतात. युरोपातील लोकांत 'बी' गट त्यामानाने बराच कमी आहे.

ही खुंटी ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा विषय तिच्यावरच टांगलेला आहे.

बांध फुटतो तेव्हा

भाताच्या खाचराचा बांध फुटला की आपण काय करतो? नुसती माती टाकली तर पाणी ती वाहून नेते. म्हणून आधी काटेरी फांद्या आडव्या टाकतो. त्यांत पेंढा, गवत अडकते. मग वर चिखल थापला की बांध पक्का होतो.

शरीरातही जवळजवळ असेच चालते. कोयता लागून रक्तवाहिनी कापली गेली की प्रथम एक लांब, दोरीसारखे प्रथिन त्या कापलेल्या जागी चिकटते. काटेरी फांदीचे काम हे करते. वाहत्या रक्तातील प्लेटलेट नावाच्या चपट्या कणिका त्यात अडकतात व भोक तात्पुरते बुजते. त्यानंतर रक्तातील इतर प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी तंतूंचे जाळे विणले जाते. हे जाळे म्हणजे वरचा चिखलाचा लिंपा. ह्या दुसऱ्या कामात 'आठवा घटक' नावाचे एक महत्त्वाचे प्रथिन लागते.

त्या दोरीसारख्या प्रथिनाला 'फॉन विलेब्रांड घटक' असे नाव आहे. फिनलंडमधील डॉ. एरिक फॉन विलेब्रांड ह्यांच्यावरून ते पडले. बाल्टिक समुद्रातील ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबात वारंवार रक्तस्राव होत असे. त्या घरातील पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे तपासणीसाठी आणली गेली. त्यांनी ह्या आजाराचे वर्णन १९२६ साली प्रसिद्ध केले. मुलग्यांनाच बहुतेक होणाऱ्या हिमोफिलियापेक्षा हा आजार निराळा होता. तो मुलींनाही होत होता. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, मासिक पाळीच्या रक्तस्रावातच मरण पावली. ही गोष्ट मुद्दाम सांगितली आहे. तिचे कारण पुढे येईल.

हे प्रथिन आणखी एक काम करते. आठवा घटक नाजूक असतो. रक्तात तो एकटा फिरला तर लवकर नष्ट होतो. हे प्रथिन त्याला आपल्याबरोबर घेऊन फिरते व त्याचे रक्षण करते. म्हणून फॉन विलेब्रांड घटक कमी झाला की आठवा घटकही कमी होतो, आणि तो वाढला की आठवाही वाढतो.

रक्तगटाचा हात कोठे लागतो?

आता ती खुंटी पुन्हा आठवा. रक्तगटाच्या साखळ्या तांबड्या पेशींवर असतात, तशाच त्या ह्या दोरीसारख्या प्रथिनावरही असतात. ज्यांच्या प्रथिनावरची खुंटी मोकळी, म्हणजे 'ओ' गटाचे लोक, त्यांच्या रक्तातून हे प्रथिन लवकर काढून टाकले जाते. शिवाय रक्तात ह्या दोरीचे तुकडे करणारे कात्रीसारखे एक प्रथिन असते. त्या कात्रीला मोकळ्या खुंटीची दोरी अधिक सहज कापता येते. खुंटीवर 'ए' किंवा 'बी' कण असला तर दोरी जास्त काळ टिकते.

अमेरिकेत १९८७ साली १,११७ रक्तदात्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. अनेकांच्या एकत्र केलेल्या रक्तातील प्रमाण १०० धरले, तर ह्या घटकाची सरासरी अशी निघाली:

'ओ' गट: सुमारे ७५
'ए' गट: सुमारे १०६
'बी' गट: सुमारे ११७
'एबी' गट: सुमारे १२३

म्हणजे 'ओ' गटात हे प्रथिन इतरांपेक्षा साधारण पाव हिश्शाने किंवा त्याहून थोडे जास्तच कमी असते. पण ह्या सरासऱ्या आहेत. 'ओ' गटाच्या एखाद्या माणसात ते भरपूर असू शकते, आणि 'बी' गटाच्या एखाद्यात कमी. वय वाढेल तसे ते वाढते. ताप, श्रम, मानसिक ताण आणि गरोदरपण ह्यांतही वाढते. पीक एका वाणाचे असले तरी सगळ्या शेतांत उतारा सारखा येत नाही, तसेच हे आहे.

'ओ' गट आणि रक्तस्राव

'ओ' गटाच्या बहुतेक लोकांना ह्या कमतरतेचा काहीच त्रास होत नाही. ७५ हे प्रमाणही जखम भरून यायला पुरेसे असते. आपल्यापैकी कितीतरी जण 'ओ' गटाचे आहेत आणि नांगरणीपासून मळणीपर्यंत सारी कामे करतात.

अडचण होते ती दुसरीकडे. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच फार कमी आहे, किंवा असूनही नीट काम करीत नाही, त्यांना फॉन विलेब्रांड आजार असतो. वंशपरंपरेने येणाऱ्या रक्तस्रावाच्या आजारांत हा सर्वांत जास्त आढळणारा आहे. 'ओ' गट असला की पातळी आधीच खाली. त्यात थोडा दोष असला तरी रक्तस्राव दिसू लागतो. पूर्वी काही वेळा असे होई की, पातळी कमी आली तरी "गट 'ओ' आहे, म्हणून कमी दिसते" असे म्हणून रुग्णाला परत पाठवले जाई. २०२१ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ही पद्धत सोडून द्यावी असे ठरले. रक्तस्रावाचा त्रास होत असेल आणि पातळी ५० च्या खाली असेल, तर रक्तगट कोणताही असो, तो आजार समजून उपचार करावेत, असे त्यात सांगितले आहे.

आपल्या घरांत हा विषय सर्वांत जास्त लागू पडतो तो स्त्रियांना. मासिक पाळीत फार रक्त जाणे हे पुष्कळ घरांत 'बाईच्या जातीला असायचेच' म्हणून सोडून दिले जाते. आईला होते, म्हणून मुलीलाही होणार, असे म्हणतात. अहो, आईला आणि मुलीला दोघींना होते, हीच तर वंशपरंपरेची खूण असू शकते! ओलांड बेटावरच्या त्या मुलीचे उदाहरण म्हणूनच वर दिले. पुढील लक्षणे दिसली तर ती अंगावर काढू नयेत:

पाळी सात दिवसांपेक्षा अधिक चालणे; दर तासा-दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावे लागणे; मोठ्या गाठी पडणे. घोळणा फुटल्यावर दहा मिनिटे नाक दाबूनही रक्त न थांबणे, आणि असे वारंवार होणे. दात काढल्यावर दुसऱ्या दिवशीही रक्त येत राहणे. मार लागल्याचे आठवत नाही, तरी अंगावर मोठे काळेनिळे डाग पडणे. घरात कोणाला शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात रक्त आवरले नव्हते, असा इतिहास असणे.

अशा बाईला पुष्कळदा केवळ लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. गोळ्या चांगल्याच, पण गळक्या घागरीत पाणी भरत राहण्याऐवजी आधी भोक कोठे आहे ते पाहिले पाहिजे. ह्या आजारावर औषधे आहेत. साकळलेले रक्त विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आहे. शरीरातील साठा बाहेर काढणारे डेस्मोप्रेसिन आहे. आणि गरज पडल्यास ते प्रथिनच शिरेतून देता येते. कोणाला काय द्यावयाचे, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. एकदा केलेली तपासणी चांगली आली म्हणून शंका सोडू नये. ताप किंवा ताण असताना पातळी वर जाते, म्हणून डॉक्टर ती पुन्हा करावयास सांगतात.

'ओ' गटाविषयी आणखी एक जुने निरीक्षण आहे. इंग्लंडमध्ये १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जठर व आतड्याच्या सुरुवातीचे व्रण 'ओ' गटात काहीसे जास्त आढळले. ऊसतोड किंवा भांगलण करून अंग दुखले की उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या गिळण्याची सवय आपल्याकडे वाढली आहे. त्या गोळ्या पोटात व्रण करतात, आणि अॅस्पिरिनसारख्या गोळ्या प्लेटलेटचे कामही मंदावतात. शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले, तर पोटात रक्त जात आहे असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अॅस्पिरिनची गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये.

बाळंतपणातील रक्तस्राव: बेळगावचे काम

गरोदरपणात फॉन विलेब्रांड घटक आपोआप वाढतो. बाळंतपणातील रक्तस्रावासाठी शरीराने केलेली ही तजवीज आहे. बाळंतपणानंतर तो पुन्हा उतरतो. म्हणून ज्या स्त्रीला मुळात हे प्रथिन कमी आहे, तिला कधी कधी त्याच दिवशी नव्हे, तर काही दिवसांनी, घरी आल्यावर रक्तस्राव सुरू होतो. बाळंतीण घरी आली, आता काळजी मिटली, असे समजू नये.

तरीही हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, बाळंतपणानंतरच्या भयंकर रक्तस्रावाचे मुख्य कारण रक्तगट नसते. बहुतेक वेळा गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही, हेच कारण असते. ह्या बाबतीत आपल्या बेळगाव जिल्ह्याचे नाव जगभर गेले आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बाळंतिणींची पाहणी केली. निम्म्याजणींना बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉल नावाच्या साध्या गोळ्या दिल्या, निम्म्याजणींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. गोळ्या देण्याचे काम गावोगावच्या परिचारिकांनी केले. मोठा रक्तस्राव होण्याचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. अतितीव्र रक्तस्राव शेकडा १.२ वरून ०.२ वर. हे निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रिकेत छापले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली ह्या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली.

ह्यातून बोध एवढाच की, रक्तगट आपल्याला बदलता येत नाही; पण बाळंतपण दवाखान्यात करणे, आधी लोह भरून काढणे आणि रक्ताची सोय पाहून ठेवणे हे आपल्या हाती आहे.

'ए', 'बी', 'एबी' गट आणि गुठळी

ज्या प्रथिनामुळे जखम लवकर बुजते, तेच जास्त झाले की नको तेथे रक्त साकळण्याची शक्यता वाढते. लंगोटी पुरी पडत नाही म्हणून धोतर आणले, तर ते पायात अडकते, त्यातला प्रकार.

पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका 'ओ' सोडून इतर गटांत साधारण दीडपट ते दुप्पट असतो. ही शंका प्रथम १९६९ साली आली. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या ज्या स्त्रियांच्या शिरांत गुठळ्या झाल्या, त्यांत 'ओ' गटाच्या स्त्रिया अपेक्षेपेक्षा कमी होत्या. दुप्पट हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य देशांत वर्षाला हजार प्रौढांमागे साधारण एकाला असा विकार होतो. थोड्याचे दुप्पट म्हणजेही थोडेच. पण त्यात दुसरी कारणे मिळाली की धोका खरा होतो: मांडीचे किंवा खुब्याचे हाड मोडून महिनोन्महिने अंथरुणावर पडणे, पायाला प्लास्टर, मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग, गरोदरपण व त्यानंतरचे सहा आठवडे, आणि हार्मोनच्या गोळ्या. सणासुदीला किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी दुकानातून मनानेच गोळ्या आणून घेणाऱ्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

गुठळीची खूण अशी: एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, तेथे गरम लागते. आपल्याकडे त्याला वात म्हणतात, किंवा शीर चढली म्हणतात, आणि तेल लावून जोराने चोळतात. हे फार धोक्याचे आहे! चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मग एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते, आणि माणूस थोड्या वेळात दगावू शकतो. एक पाय सुजला तर चोळू नये, डॉक्टरांना दाखवावा. सोनोग्राफीने गुठळी दिसते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी ती आटोक्यात येते.

हृदयविकाराचे काय? अमेरिकेत सुमारे ९०,००० स्त्रीपुरुषांवर वीस वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'ओ' गटाच्या तुलनेत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार 'ए' गटात शेकडा ६, 'बी' गटात शेकडा १५ आणि 'एबी' गटात शेकडा २३ इतका जास्त आढळला. आता ह्याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. ५२ देशांतील लोकांची एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत भारतही होता. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट, मधुमेह असणाऱ्यांना दुपटीहून अधिक, आणि रक्तदाब वाढलेल्यांना जवळजवळ दुप्पट आढळली.

निपाणी हा तर विडीच्या तंबाखूचा मुलूख. तंबाखू पिकविणे हा अनेकांचा पोटाचा प्रश्न आहे, हे मी जाणतो. पण 'ओ' गटाचा माणूस विडी ओढतो आणि 'एबी' गटाचा ओढत नाही, तर हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित दुसराच. रक्तगट हा जमिनीचा पोत. तो मिळाला तसा मिळाला. मशागत मात्र आपल्या हातची.

खुंटीच नसलेले लोक: मुंबई रक्तगट

आता ह्या विषयातील आपल्या भागाला सर्वांत जवळची गोष्ट. १९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये तीन व्यक्तींच्या रक्ताची हकीकत छापली. त्या व्यक्तींच्या पेशींवर 'ए' नव्हता, 'बी' नव्हता, म्हणून त्या 'ओ' दिसत. पण 'ओ' गटाचे रक्तही त्यांना जुळेना. पुढे उलगडा झाला की, त्यांच्या पेशींवर ती खुंटीच नव्हती. ह्या गटाला जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. भारतात तो साधारण दहा हजारांत एखाद्याला असतो. पश्चिम आणि दक्षिण भारतात, विशेषतः महाराष्ट्र व कर्नाटकात, तो इतर प्रदेशांपेक्षा अधिक सापडला आहे. म्हणून तो आपल्यापासून दूर नाही.

ह्या लोकांच्या प्रथिनावरही खुंटी नसते. त्यामुळे त्यांच्यात फॉन विलेब्रांड घटक 'ओ' गटापेक्षाही खाली असतो, आणि ती कात्री तो आणखी सहज कापते, असे २००५ साली दिसून आले. रक्तगटाचा आणि ह्या प्रथिनाचा संबंध किती थेट आहे, ह्याचा हा पुरावाच म्हणावा.

पण त्यांचा मोठा धोका वेगळा आहे. साध्या तपासणीत कार्डावर 'ओ' लिहिले जाते. अशा व्यक्तीला 'ओ' गटाचे रक्त चढविले तर तिच्या रक्तातील प्रतिद्रव्ये खुंटी असलेल्या त्या परक्या पेशी फोडून टाकतात. जीव जाऊ शकतो. म्हणून रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी करतात आणि रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळवून पाहतात. घाई आहे म्हणून ही जुळवणी टाळा, असा आग्रह नातेवाइकांनी कधीही धरू नये. 'ओ' गटाच्या बाटल्या एकामागून एक जुळत नाहीत, असे झाले तर बॉम्बे गटाची शंका घेऊन तपासणी करावी लागते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात केंद्र सरकारची रक्तविषयक संशोधन संस्था आहे. अशा दुर्मिळ रक्ताचे काम तेथे चालते.

खुंटी नसण्याचा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. जवळच्या नात्यात, मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्ने होतात तेथे तो दिसण्याचा संभव वाढतो. घरात एक असा निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी. त्यांच्यातच दुसरा मिळण्याची आशा असते.

आणि एक नाजूक गोष्ट. शाळेत शिकवतात की, आईबाप दोघे 'ओ' असतील तर मूल 'ओ'च होते. पण त्यांतील एकजण बॉम्बे गटाचा असेल, तर कार्डावर दोघेही 'ओ' दिसतात आणि मूल मात्र 'ए' किंवा 'बी' होऊ शकते. त्या व्यक्तीच्या अंगात 'ए' किंवा 'बी' चा वारसा असतो. खुंटीअभावी तो दिसत नाही, इतकेच. एखाद्या प्रयोगशाळेच्या कागदावरून निरपराध बाईच्या चारित्र्यावर संशय घेणे, हे पाप तर आहेच, शिवाय अडाणीपणाही आहे. तपासणी चुकलेलीही असू शकते. कोणाच्या संसारात असा प्रश्न उभा राहिला, तर आधी मोठ्या रक्तपेढीत पुन्हा तपासणी करून घ्यावी.

शेतकऱ्यांना गंमत वाटेल अशी एक माहिती. 'ए' गटाचे दोन मुख्य उपप्रकार वेगळे ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत हुलग्याच्या बियांचा अर्क वापरतात. हा गुण जी. डब्ल्यू. जी. बर्ड ह्या शास्त्रज्ञांनी १९५१ साली बेंगळूरच्या 'करंट सायन्स' पत्रिकेत प्रसिद्ध केला. आपण ज्याचे कढण करतो, तेच हे कडधान्य. हुलगे खाल्ल्याने रक्तगटाला काही होत नाही, हे सांगणे न लगे.

जे रक्तगटाने बदलत नाही

घोणस चावली की तिचे विष रक्त साकळविणारी प्रथिने भराभर खर्च करून टाकते, आणि मग रक्त साकळतच नाही. येथे 'ओ' काय आणि 'एबी' काय, सर्व सारखेच. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपाय. उंदीर मारण्याच्या पुष्कळ औषधांतही रक्त साकळू न देणारे विष असते. पोरांच्या हाती ते पडता कामा नये.

रक्तगट पाहून आहार ठरवावा, असे सांगणारे पुस्तक १९९६ साली अमेरिकेत निघाले आणि ते वेड येथवर पोहोचले. कॅनडात १,४५५ लोकांची पाहणी करून २०१४ साली दाखविण्यात आले की, ह्या आहाराच्या फायद्या-तोट्याचा रक्तगटाशी संबंध नाही. भाजीपाला खाल्ल्याने बरे वाटते ते सर्वच गटांना. तेव्हा भाकरी, आमटी, पालेभाजी निःशंकपणे खावी.

घरात करावयाच्या गोष्टी

१. घरातील प्रत्येकाचा रक्तगट वहीत लिहून ठेवावा. त्याच पानावर रक्तस्रावाचा किंवा गुठळीचा घराण्यातील इतिहासही लिहावा. डॉक्टरांना ह्या इतिहासाचा उपयोग रक्तगटाहून जास्त होतो.

२. शस्त्रक्रिया, दात काढणे किंवा बाळंतपण ह्यांपूर्वी तो इतिहास आपणहून सांगावा.

३. कोयता-खुरपे लागल्यास स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे सलग दाबून धरावी. मधेमधे उघडून पाहू नये. चहापूड, चुना, तंबाखू भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

४. आजारी व हाड मोडलेल्या माणसाला डॉक्टरांनी परवानगी देताच उठवून चालवावे. अंथरुणावर असला तरी पाऊल वरखाली हलवावयास लावावे आणि पाणी पुरेसे द्यावे.

५. एका पायाची सूज, एकाएकी लागलेली धाप किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसला, तर १०८ वर गाडी बोलवावी.

६. जे निरोगी आहेत त्यांनी रक्तदान करावे. 'ओ' गटाच्या तांबड्या पेशी अडीअडचणीला इतर गटांनाही उपयोगी पडतात. म्हणून त्या दात्यांची वाट रक्तपेढी नेहमीच पाहत असते. दुसरे रक्त हे शेतात पिकत नाही आणि कारखान्यात होत नाही. ते शेजाऱ्याच्या दंडातूनच यावे लागते.